मोफत ईमेल खातं: फायलींचा माळा आणि फायलींचं कपाट

आपणच आपल्याला पाठवलेले मेल एकदा शोधून बघा. मी पहिल्यांदा शोधले तेव्हा साठच्या वर निघाले. निम्म्यांना विषयच नव्हता, आणि सहा मेलमध्ये ‘स्कॅन००१’ या एकाच नावाची पीडीएफ होती. एकीत पासपोर्टचं पहिलं पान, एकीत भाडेकरार, एकीत कधीच मोडीत गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड. म्हणजे फायली ठेवायला ईमेलचा वापर मी कधीपासूनच करत होतो, फक्त माळ्यावर सामान फेकतात तसा. त्या माळ्याचं कपाट करायला मला दोन रविवार लागले. तुमचं काम एका दुपारीत व्हावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

कल्पना जुनीच आहे. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल जाहीर केलं आणि १ जीबी जागा मोफत देऊ म्हणून सांगितलं, तेव्हा अनेकांना तो एप्रिल फूल वाटला. हॉटमेल तेव्हा २ एमबी देत होतं आणि याहू ४ एमबी. एवढी मोकळी जागा दिसल्यावर लोक गप्प बसणार थोडेच! त्याच वर्षी रिचर्ड जोन्स यांनी ‘जीमेल एफएस’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यामुळे लिनक्सवर जीमेलचं खातं एखाद्या डिस्कसारखं दिसायचं. विंडोजसाठी ‘जीमेल ड्राइव्ह’ आलं. तुम्ही फाइल ओढून टाकायची, आणि पडद्यामागे ती अटॅचमेंट होऊन तुमच्याच खात्यात जाऊन बसायची. गूगलने असल्या प्रोग्रामांना कधी आपलं म्हटलं नाही, त्यामुळे जीमेलमध्ये आत काही बदललं की ते बंद पडायचे. पुढे २४ एप्रिल २०१२ रोजी गूगल ड्राइव्ह, म्हणजे इंटरनेटवर फायली ठेवायची गूगलची स्वतःची सोय, आलं आणि ही कसरत करायची गरजच उरली नाही.

मग आज मेलमध्ये फायली कशाला ठेवायच्या? माझ्या मते कारण एकच, पण भक्कम आहे. ड्राइव्हमधली फाइल जिवंत असते. ती उघडली जाते, तिच्यात बदल होतात, ती चुकून दुसऱ्या फोल्डरमध्ये जाते, आणि सिंक (सगळ्या उपकरणांवर एकसारखी प्रत ठेवणारी जोडणी) चालू असेल तर लॅपटॉपवर पुसली की सगळीकडून पुसली जाते. पाठवलेला मेल मात्र पाठवला त्या क्षणी गोठतो. त्याच्यातली अटॅचमेंट तुम्हाला हवी असली तरी बदलता येत नाही, आणि वर तारीख-वेळ छापलेली असते. म्हणून जे कागद पुरे झालेत, लहान आहेत आणि पुन्हा बदलायचे नाहीत, त्यांच्यासाठी मेल हे उत्तम ठिकाण आहे. सही झालेला करार, प्रमाणपत्र, पावती, डॉक्टरांचा रिपोर्ट, प्रकाशकाला दिलेली लेखाची अंतिम प्रत हे सगळं यात आलं. रोज हात लागणारी एक्सेल शीट, फोटोंचे अल्बम आणि व्हिडिओ यात बसत नाहीत. ते ड्राइव्हमध्येच ठेवा.

खातं वेगळंच काढा

रोजच्या खात्यात फायली भरू नका. जीमेलची मोफत १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली असते, आणि जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये चढवलेले नवे फोटोही या हिशोबात धरले जातात. जागा भरली की नवे मेल येणं थांबतं आणि पाठवणाऱ्याला ते परत जातात. बँकेचा किंवा नोकरीचा मेल जुन्या स्कॅनांपायी परत गेला, तर ते कपाट फार महागात पडलं म्हणायचं.

आउटलुक वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे मोफत मेलबॉक्स १५ जीबीचा दिसतो, पण २०२३ पासून अटॅचमेंटचं वजन ५ जीबीच्या क्लाउड साठ्यातही मोजलं जातं. अटॅचमेंट हेच तुमचं सामान असल्यामुळे तुमच्यासाठी आकडा १५ नाही, ५ आहे.

नवं खातं काढताना तीन कामं लगेच उरका. रिकव्हरीसाठी रोजच्या खात्याचा पत्ता द्या. द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणारी सोय, चालू करा. आणि फोन जवळ नसताना चालणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा.

हे तिसरं काम सगळे टाळतात, मीही टाळलं होतं. प्रवासात फोन गेला. पासपोर्टची प्रत हवी होती आणि ती मी मोठ्या शहाणपणाने मेलमध्ये ठेवलेली होती. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकला, तर खातं म्हणतं, ‘तुमच्या फोनवर आलेला कोड द्या.’ फोन हरवला म्हणून मेल उघडतोय, आणि मेल उघडायला फोन हवा! गूगल एका वेळी दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे, आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. आता त्यातले दोन माझ्या पाकिटात असतात. सोबत खात्याचं नाव लिहिलेलं नाही, म्हणजे पाकीट मारणाऱ्याला ते नुसते आकडे वाटावेत. बाकीचे आठ घरी आहेत. आणि हो, परक्या कॉम्प्युटरवर खातं उघडायचंच झालं तर खासगी खिडकीत उघडा. घरी परतलात की पासवर्ड बदला.

खातं वापरात ठेवणंही गरजेचं आहे. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर गूगल ते खातं मजकुरासकट काढून टाकू शकतं. हा नियम मे २०२३ मध्ये जाहीर झाला आणि त्याची अंमलबजावणी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. साठ्याचं खातं नेमकं असंच विसरलं जातं. कॅलेंडरमध्ये दर सहा महिन्यांची आठवण लावून ठेवा.

फाइल पाठवण्याआधी

कागदाचा स्कॅन २०० ते ३०० डीपीआयवर (दर इंचात तितके ठिपके) घ्या. रंगाला अर्थ नसेल तर ग्रेस्केल पुरे. असं एक पान साधारण काहीशे केबीत बसतं. पाच पानी करार म्हणजे पाच जेपीजी असं करू नका, एकच पीडीएफ करा. फोनवरून फोटो पाठवत असाल तर आयफोनचं मेल अ‍ॅप आकार विचारतं, तिथे ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ निवडा, नाहीतर शिक्क्यावरची अक्षरं पुसट होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो तर आधीच दाबला गेलेला असतो, त्याला मूळ प्रत समजू नका.

मराठी मजकुराच्या फायलींसाठी एक वेगळी सूचना. कृतिदेवसारख्या युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल तशीच ठेवलीत, तर पाच वर्षांनी नव्या मशीनवर, जिथे तो फॉन्ट नाही तिथे, इंग्रजी अक्षरांची खिचडी उघडेल. वर्ड फाइल ठेवा, पण जोडीला फॉन्ट आत घेतलेली पीडीएफही ठेवा. पीडीएफ दिसेल नीट, पण तिच्यातला मजकूर शोधून सापडणार नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो मराठी नाहीच. म्हणून शोधायचे शब्द मेलमध्ये वेगळे लिहावे लागतात.

विषयाची ओळ

माझं मत विचाराल तर अर्धं काम इथेच आहे. बाकी सगळं नीट केलं आणि विषय ‘महत्त्वाचं’ असा लिहिला, तर तुम्ही माळ्यावरच आहात.

माझी रीत अशी: आधी काय आहे ते, मग कुणाचं, मग कागदावरची तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. उदाहरणार्थ:

भाडेकरार – स्वतः – २०२२-११-०५ – सही झालेली प्रत

आणि मेलच्या मजकुरात दोन-तीन ओळी:

भाडे करार, भाडेकरारनामा, रेंट अ‍ॅग्रीमेंट, घर, डिपॉझिट. मुदत २०२५ ऑक्टोबर अखेर. मूळ कागद निळ्या फायलीत.

वरवर हा पाल्हाळ वाटतो, पण शोधताना त्याचा उपयोग कळतो. मराठीत आपण एकच गोष्ट पाच तऱ्हांनी लिहितो. ‘भाडेकरार’ जोडून लिहिला होता की तोडून? ‘विमा’ की घाईत ‘वीमा’? ‘अ‍ॅग्रीमेंट’ की ‘ऍग्रीमेंट’? कॉम्प्युटरला हे वेगवेगळे शब्द वाटू शकतात. आकड्यांचंही तसंच: देवनागरी आकड्यांत लिहून इंग्रजी आकड्यांनी शोधलं की हात रिकामे राहण्याची शक्यता असते. म्हणून विषयाच्या ओळीत एकच ठरलेली पद्धत वापरायची आणि बाकीची रूपं, रोमन लिपीतल्या शब्दांसह, मजकुरात टाकून द्यायची. ती ओळ वाचायला कुणी येणार नाही, ती फक्त सापडण्यासाठी आहे.

फाइलच्या नावात मात्र मी देवनागरी टाळतो. फाइल झिप करून जुन्या प्रोग्रामने उघडली की देवनागरी नावांचे कधीकधी प्रश्नचिन्हं आणि चौकोन होतात. साधी रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे, मध्ये आडवी रेघ, एवढंच.

आणि एकच विषय दोनदा वापरू नका. थोड्या दिवसांच्या अंतराने आलेले सारख्या विषयाचे मेल जीमेल एका संभाषणात गुंडाळू शकतं. साठलेल्या पावत्या एकाच दिवशी ‘वीज बिल’ या एकाच विषयाने पाठवल्यात, तर एकाखाली एक मिटलेल्या घड्यांची चळत होऊ शकते. महिना लिहिला की प्रत्येक बिल सुटं राहतं.

पाठवणं आणि आपोआप लावणं

काही जण फाइल ड्राफ्टमध्ये जोडून तशीच सोडतात. पाठवायचं कष्ट वाचतं खरं, पण ड्राफ्ट एका चुकीच्या क्लिकने फेकला जातो, आणि त्याला पक्की तारीखही नसते. मेल गोठतो म्हणून तर हा सगळा खटाटोप, मग पाठवाच.

रोजच्या खात्यातून साठ्याच्या खात्याला मेल करायचा. पत्त्यात एक सोय आहे: जीमेल आणि आउटलुक दोन्हींत आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह देऊन कुठलाही शब्द जोडला तरी मेल तुमच्याच खात्यात येतो. म्हणजे ‘नाव+घर’, ‘नाव+आरोग्य’, ‘नाव+शिक्षण’ असे, रोमन लिपीत अर्थात, हवे तितके कप्पे करता येतात. त्यासाठी नवं खातं काढावं लागत नाही.

कप्पे आपोआप लागावेत म्हणून फिल्टर करा. यासाठी कॉम्प्युटरवरचा ब्राउझर हवा, फोनवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये फिल्टर करता येत नाही. शोधाच्या चौकटीच्या उजव्या टोकाला छोट्या सरकपट्ट्यांचं चिन्ह आहे, ते दाबा. उघडलेल्या खिडकीत ‘टू’समोर अधिकचं चिन्ह असलेला पूर्ण पत्ता टाका. खाली ‘क्रिएट फिल्टर’ दाबा. पुढच्या यादीत तीन ठिकाणी खूण करा: इनबॉक्स वगळा, लेबल लावा (इथेच नवं लेबल करता येतं), आणि कधीच स्पॅममध्ये टाकू नका. ही शेवटची खूण विसरू नका. जीमेलचं स्पॅम तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि एखादा झिप जोडलेला, मजकूर नसलेला मेल तिथे जाऊन पडायला वेळ लागत नाही.

पाच-सहा लेबलं पुरतात. मी सुरुवातीला तेवीस केली होती. तीन महिन्यांत मलाच आठवेना की गाडीचा विमा ‘विमा’त आहे की ‘गाडी’त.

आकाराची मर्यादा

जीमेलमध्ये एका मेलसोबत २५ एमबीपर्यंत फायली जोडता येतात. त्याहून मोठी फाइल जोडलीत तर जीमेल ती ड्राइव्हवर चढवतं आणि मेलमध्ये फक्त दुवा जातो. हा फरक लक्षात घ्या: दुवा गेला म्हणजे फाइल मेलमध्ये नाही. उद्या ड्राइव्हमधून ती पुसलीत तर मेलमध्ये नुसती पाटी उरेल.

शिवाय फाइल मेलमध्ये बसताना फुगते. ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेलं. त्यातून चित्रं आणि फायली जाव्यात म्हणून १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हे मानक मांडलं, आणि आजही अटॅचमेंट त्याच वाटेने जातात. त्यातल्या ‘बेस ६४’ पद्धतीत फाइलचे दर तीन बाइट चार अक्षरांत लिहिले जातात, आणि ओळी तोडण्याची चिन्हं वेगळी. म्हणजे १८ एमबीची फाइल मेलमध्ये जवळजवळ २५ एमबीची होते. मर्यादा फुगण्याआधीच्या आकाराला लावायची की नंतरच्या, हे सेवेगणिक बदलतं. मी १५ एमबीच्या वर जातच नाही.

मोठी फाइल टाकायचीच असेल तर सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामने तिचे तुकडे करता येतात. फाइलवर उजवं क्लिक, ‘अ‍ॅड टू आर्काइव्ह’, आणि ‘स्प्लिट टू व्हॉल्यूम्स’च्या चौकटीत १५ एमबी. तुकड्यांना ००१, ००२ असे आकडे लागतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या मेलने, विषयात ‘४ पैकी ३’ असं लिहून. परत उघडताना सगळे एका फोल्डरमध्ये उतरवायचे आणि फक्त ००१ उघडायचा. एक तुकडा हरवला तर सगळंच गेलं, म्हणून चार-पाच तुकड्यांच्या पलीकडे हा मार्ग मला वेडेपणा वाटतो.

प्रोग्रामच्या फायली (ईएक्सई, बॅट, जेएस वगैरे) जीमेल घेतच नाही, झिपमध्ये घातल्या तरीही.

कुलूप

मेलमधली फाइल सेवा देणाऱ्या कंपनीला वाचता येते, आणि तुमचं खातं ज्याच्या हाती लागेल त्यालाही. वॉरंटी कार्डाचं सोडा. पण ओळखपत्रं, वैद्यकीय कागद आणि बँकेचे तपशील कुलूप लावल्याशिवाय पाठवू नका. सेव्हन-झिपमध्येच पासवर्ड देता येतो. ‘सेव्हन-झेड’ हा प्रकार निवडा, त्यात एईएस-२५६ हे भक्कम कूटलेखन (पासवर्डाशिवाय वाचता न येणारं लिखाण) आहे. खालच्या ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण करा, नाहीतर आतलं वाचता आलं नाही तरी फायलींची नावं उघडी राहतात. साधी झिप करायची असेल तर पद्धतीच्या यादीत ‘झिपक्रिप्टो’ऐवजी एईएस-२५६ निवडा, झिपक्रिप्टो जुनी आणि कच्ची आहे.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. कुलूपबंद फाइल मेलमध्ये उघडून बघता येत नाही आणि तिच्या आतला मजकूर शोधता येत नाही, म्हणजे पुन्हा विषयाची ओळच कामी येते. आणि पासवर्ड विसरलात तर तुम्हाला सोडवणारं कुणी नाही. सगळ्या पासवर्डांची यादी मात्र कुलूप लावूनही इथे ठेवू नका, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतात.

उतरवून बघा

पहिल्या दहा फायली टाकून झाल्या की त्यातल्या दोन दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि उघडा. खात्री हवी असेल तर मूळ फाइलवर आणि उतरवलेल्या फाइलवर सेव्हन-झिपच्या उजव्या क्लिकमधल्या ‘सीआरसी एसएचए’मधून एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा म्हणा, काढा. अक्षरा-आकड्यांची लांबलचक ओळ दोन्हीकडे सारखी आली तर फाइल बाइट न् बाइट तीच आहे. पहिल्या खेपेला माझ्या दोन फायली उघडल्या नाहीत. मेलचा दोष नव्हता, त्या मूळातच अर्धवट स्कॅन झाल्या होत्या. बघितलं नसतं तर हे कुठल्यातरी खिडकीसमोर उभं असताना कळलं असतं.

जागा मोकळी करायची तेव्हा त्याच सरकपट्ट्यांच्या खिडकीत ‘साइझ’समोर १० एमबीपेक्षा मोठे असं निवडा आणि ‘हॅज अटॅचमेंट’वर खूण करा. पुसलेले मेल तीस दिवस ट्रॅशमध्ये राहतात आणि तोवर जागा अडवतात, घाई असेल तर ट्रॅश हाताने रिकामा करावा लागतो.

दुसरी प्रत

कपाट दुसऱ्याच्या घरात आहे हे विसरून चालत नाही. खातं अडकू शकतं, नियम बदलू शकतात. वर्षातून एकदा गूगल टेकआउट या, आपला मजकूर उतरवून घ्यायच्या गूगलच्या पानावर जा, सगळं निवडलेलं असतं ते काढा, फक्त मेलवर खूण ठेवा, हवी तर लेबलंही निवडा. काही तासांत उतरवून घ्यायचा दुवा येतो. हाती येते ती एमबॉक्स प्रकारची फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडून घाबरू नका, बेस ६४च्या अक्षरांचा समुद्र दिसेल. थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्राममध्ये ती आणता येते आणि अटॅचमेंटसकट सगळे मेल वाचता येतात. ही फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकून ठेवा.

खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची एक सोय आहे, ती फार थोड्यांनी उघडलेली असते. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने तुम्ही खात्यात आला नाहीत, तर तुम्ही नेमलेल्या दहापर्यंत माणसांना कळवलं जातं आणि तुम्ही ठरवाल तेवढा मजकूर त्यांना मिळतो. मी बायकोचं आणि धाकट्या भावाचं नाव दिलं आहे. त्यांना फायली मिळतील, पण कुलूपबंद फायलींचा पासवर्ड गूगलकडे नाही. तो कागदावर लिहून एका लिफाफ्यात ठेवलाय, बॅकअप कोडच्या कागदाजवळ नाही, वेगळ्या जागी. लिफाफा कुठे आहे ते दोघांना सांगितलंय. भावाने ऐकताना मान हलवली खरी, म्हणून पुढच्या वेळी घरी आला की त्याला ते कपाट उघडूनच दाखवणार आहे.